भावाची सरहद्द: सोलापूर–हैद्राबाद रस्त्याच्या इतिहासातील एक प्रकरण

राज्यांच्या सीमा नकाशावर शाईने काढलेल्या असतात. वाटसरूस त्या बहुधा कनवटीच्या पैशावरून कळतात. माती तीच, ज्वारीची ताटे तीच, वेशीतल्या मारुतीचा शेंदूरही तोच. आणि तरीही एका ठरावीक जागी पोहोचताच जिनसाचा भाव बदलतो व आपण परमुलखात आल्याची खूण पटते. इतिहासकार सीमा ठरवितो ती तहनाम्यांवरून, गाडीवान ठरवितो ती भावावरून. या दोन सीमा नेहमी एकच असतात असे नाही, आणि त्या एकाच वेळी हलतात असेही नाही.

धाराशिव जिल्ह्याच्या दक्षिण भागातून जाणारा सोलापूर–हैद्राबाद रस्ता हे याचे उत्तम उदाहरण आहे. सोलापूर सोडल्यावर इटकळपाशी हा जिल्हा लागतो. पुढे अणदूर, नळदुर्ग, जळकोट, येणेगूर, उमरगा ही गावे घेत रस्ता तलमोडच्या पलीकडे कर्नाटकात उतरतो, बसवकल्याणच्या फाट्यावरून हुमनाबादेस जातो आणि जहिराबादेकडे तेलंगणात शिरतो. सुमारे ३०० किलोमीटरांच्या या वाटेवर आज तीन राज्ये आणि इंधनाचे तीन भाव आहेत. शंभर वर्षांपूर्वी या वाटेवर दोनच राज्ये होती. परंतु त्यांची हद्द उमरग्याच्या पूर्वेस नव्हती, ती सोलापूर आणि नळदुर्ग यांच्या दरम्यान होती. म्हणजे एका शतकाच्या आत भावाची सरहद्द जिल्ह्याच्या पश्चिम कडेवरून उठून पूर्व कडेस जाऊन बसली. रस्ता जागचा हलला नाही. त्यावरून जाणाऱ्या माणसाच्या खर्चाचा हिशेब मात्र बदलला. तो कसा बदलला, आणि त्यात कोणाचे साधले व कोणाचे बुडाले, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

*

इंधन म्हटले की आज पेट्रोल किंवा डिझेल डोळ्यांपुढे येते. पण रस्त्याचे इंधन ही कल्पना मोटारीहून फार जुनी आहे. बैलगाडीच्या काळी कडबा आणि पेंड हेच इंधन होते. गाडीवान मुक्काम ठरवीत असे तो पाणी आणि चारा पाहून. ज्या गावी कडब्याची पेंढी महाग, ते गाव तो दिवस कलण्यापूर्वीच मागे टाकी. दख्खनच्या वाटांवर शतकानुशतके धान्य व मीठ वाहणाऱ्या बंजाऱ्यांच्या स्वस्त वाहतुकीचे रहस्यही यातच होते. त्यांचे तांडे संथ चालत आणि पडीक रानात बैल चारीत. ज्याच्या जनावरास चारा विकत घ्यावा लागत नाही, त्याच्याशी भाड्याच्या बाबतीत कोण स्पर्धा करणार?

उलट पक्षी, इंधन महागले म्हणजे वाहतूक कशी ठप्प होते, हे या प्रदेशाने १८७६–७८ च्या मोठ्या दुष्काळात पाहिले. सोलापूर आणि त्यालगतचा निजामी मुलूख दोन्ही त्यात होरपळले. अशा दुष्काळातली खरी अडचण एवढीच नसते की धान्य नाही. ज्या बैलांनी ते दुरून आणावयाचे, त्यांनाच वाटेत चारा मिळत नाही. आगगाडीच्या स्थानकापर्यंत आलेले पोते तेथून ३०–४० मैलांवरच्या खेड्यात जाईपर्यंत त्याची किंमत गरिबाच्या आवाक्याबाहेर जाते. इंधनाचा भाव ही केवळ प्रवाशाची बाब नसून प्रत्येक घराच्या चुलीपर्यंत पोहोचणारी बाब आहे, हा धडा येथला शेतकरी पेट्रोलचे नाव ऐकण्यापूर्वीच शिकलेला होता.

*

आता सरहद्दीकडे वळू. नळदुर्ग आणि धाराशिव हा मुलूख निजामाचा. पण १८५३ च्या तहाने वऱ्हाड व रायचूर दुआबाबरोबर तोही इंग्रजांच्या ताब्यात गेला. कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी थकलेले देणे हे त्याचे कारण. त्या वेळी नळदुर्गास डेप्युटी कमिशनर म्हणून आलेला अधिकारी म्हणजे ठगांवरील कादंबरीमुळे प्रसिद्ध झालेला कर्नल मेडोज टेलर होय. १८५७ च्या धामधुमीत निजामाने इंग्रजांची बाजू राखली, त्याची परतफेड म्हणून १८६० साली हा मुलूख हैद्राबादेस परत मिळाला. सात वर्षे इंग्रजी अंमलात राहून नळदुर्ग पुन्हा मोगलाईत गेले आणि सोलापूर पूर्वीप्रमाणे इंग्रजीत राहिले. पुढे १९०४ च्या सुमारास जिल्ह्याचे ठाणे धाराशिवास जाऊन त्यास उस्मानाबाद हे नाव मिळाले. २०२३ साली धाराशिव हे जुने नाव शहर व जिल्हा या दोहोंस अधिकृतपणे परत आले.

मोगलाई आणि इंग्रजी यांच्यामधली ही सरहद्द वाटसरूस दोन प्रकारे जाणवे. पहिला प्रकार करोडगिरीचा. निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यातील १८०२ च्या व्यापारी तहाने मालावरील जकात शेकडा ५ अशी ठरली होती. राज्याच्या पोटात जागोजाग घेतली जाणारी राहदारी सर सालारजंगाच्या कारकीर्दीत उठली व जकात हद्दीवर वसूल होऊ लागली. करोडगिरीचे नाके हे तेव्हापासून मोगलाईच्या वेशीचे चिन्ह झाले. रॉकेल काय, कापड काय, जे जे बाहेरून यावयाचे त्यातल्या बहुतेकावर नाक्यावर पैसा चढे. आणि संस्थानात तेलाच्या विहिरी नसल्यामुळे दिव्याचे व पुढे मोटारीचे तेल बाहेरूनच यावयाचे.

दुसरा प्रकार नाण्याचा. इंग्रजी मुलखात कलदार रुपया चाले, मोगलाईत हाली. साधारणपणे ७ हाली रुपयांस ६ कलदार असा त्यांचा भाव असे. सोलापुराहून तुळजापुरास भवानीच्या दर्शनास निघालेला भाविक असो की बार्शीच्या पेठेत कापूस विकून परतणारा शेतकरी असो, प्रत्येकास वटावाचा हिशेब तोंडी करावा लागे. बार्शी हा इंग्रजी तालुका मोगलाईत पाचरीसारखा घुसलेला असल्यामुळे त्या बाजूच्या खेडुतास तर सकाळी एक नाणे आणि संध्याकाळी दुसरे अशी सवयच होती. एका जिनसाच्या दोन किमती असण्याचे आज आपणास नवल वाटते. आपल्या आजोबा-पणजोबांना एका जिनसाच्या दोन किमती आणि त्या मोजावयास दोन निराळे रुपये असे दुहेरी गणित करावे लागत होते.

*

या रस्त्याचे नशीब मध्यंतरी आगगाडीने फिरविले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६० साली सोलापुरास पोहोचली आणि १८७४ साली वाडीहून हैद्राबादपर्यंतचा फाटा सुरू झाला. मुंबईहून हैद्राबादेस जाणारा माणूस नळदुर्गाच्या घाटातून जाण्याचे सोडून वाडीवरून जाऊ लागला. उत्तरेकडे एव्हरार्ड कॅलथ्रॉपची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत आली आणि १९११ पर्यंत लातुरास पोहोचली. बोरी नदीच्या वळणात पाय रोवून उभा असलेला नळदुर्गचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याचा जुना राजमार्ग यांना काही काळ विसावा मिळाला.

त्यांची झोप मोडली ती मोटारीने. जून १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वे खात्याने २७ बसगाड्या घेऊन रस्त्यावरची वाहतूक सुरू केली; देशातील सरकारी मोटार वाहतुकीच्या अगदी आरंभीच्या प्रयत्नांपैकी तो एक होय. सोलापूरच्या बाजूस, मुंबई इलाख्यात, सरकारी बस धावावयास १ जून १९४८ उजाडावा लागला. त्या दिवशी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सुटली. मोटार आली तसे कडब्याच्या जागी पेट्रोल आले, आणि पेट्रोलबरोबर कराचा एक नवा प्रश्न आला. त्याचा इतिहास मोठा मनोवेधक आहे, कारण त्याच्या दोन्ही टोकांस एक मराठी माणूस उभा आहे.

१९२७ साली हिंदुस्थान सरकारने रस्त्यांच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. रस्ते प्रांतांनी बांधावे हे खरे, पण त्यांच्यापाशी पैसा नाही. तेव्हा मोटार वापरणाऱ्याकडूनच तो घ्यावा, असे समितीचे म्हणणे पडले. त्यानुसार १९२९ साली पेट्रोलवरील मध्यवर्ती कर दर गॅलनास ४ आण्यांवरून ६ आणे झाला आणि वाढीव २ आणे रस्त्यांच्या निधीकडे गेले. या निधीची वाटणी बहुतांशी ज्या भागात जितके पेट्रोल खपेल त्या प्रमाणात करावयाची होती. हे शेवटचे कलम लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपल्या हद्दीत खपलेल्या गॅलनावर आपले उत्पन्न अवलंबून, ही जाणीव राज्यकर्त्यांस बहुधा येथूनच होऊ लागली.

पुढे नऊच वर्षांनी, १९३८ साली, नागपूर येथून कारभार चालणाऱ्या मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारने पेट्रोल व वंगणतेल यांच्या किरकोळ विक्रीवर शेकडा ५ कर बसविणारा कायदा केला. मध्यवर्ती सरकारने हरकत घेतली: पेट्रोलवरील अबकारी हा आमचा अधिकार, प्रांताने त्यात हात घालता कामा नये. प्रश्न नव्या फेडरल कोर्टापुढे गेला. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर, न्यायमूर्ती सुलेमान आणि न्यायमूर्ती जयकर यांनी त्याच वर्षीच्या डिसेंबरात निकाल दिला तो प्रांताच्या बाजूने. माल उत्पन्न होताना बसतो तो अबकारी कर, दुकानातून विकला जाताना बसतो तो विक्रीकर. पहिला मध्यवर्ती सरकारचा, दुसरा प्रांताचा, असा त्याचा इत्यर्थ होता.

येणेप्रमाणे जयकरांच्या समितीने साऱ्या देशास लागू असा पेट्रोलकर वाढविला आणि जयकर ज्या न्यायासनावर बसले त्याने प्रांतोप्रांती निराळा पेट्रोलकर बसविण्याची वाट मोकळी केली. आज उमरग्याच्या पंपावर एक आकडा आणि हुमनाबादच्या पंपावर दुसरा आकडा दिसतो, त्याचे कायदेशीर मूळ या निकालात आहे. प्रांतांस उत्पन्नाचे स्वतःचे साधन असावे हे तत्त्व चुकीचे होते असे मुळीच नाही. प्रांतिक स्वायत्ततेस पैशाची जोड नसेल तर ती कागदावरच राहते. मात्र प्रत्येक प्रांताने आपला गल्ला आपल्या मर्जीने भरावयाचे ठरविले म्हणजे दोन गल्ल्यांच्या मधून जाणाऱ्याचे काय, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता, आणि तो कोणी विचारलाही नाही.

*

दुसऱ्या महायुद्धाने काही काळ भावाचा प्रश्न बाजूस सारला, कारण मालच दिसेनासा झाला. १९४१ पासून पेट्रोल कुपनांवर मिळू लागले. मोटारीच्या पाठीशी भट्टी बांधून कोळशाच्या वायूवर ती चालविण्याचे दिवस अनेक वयस्क मंडळींनी पुढे आपल्या नातवंडांस रंगवून सांगितले आहेत. चढणीवर उतारूंनी खाली उतरून गाडी ढकलावयाची, हा तिकिटाचाच एक भाग होता.

युद्ध संपले तोच संस्थानचा प्रश्न पेटला. १९४८ च्या पूर्वार्धात हैद्राबादेच्या सरहद्दीवरून होणारी मालाची ये-जा आवळली गेली. हैद्राबाद सरकार त्यास आर्थिक नाकेबंदी म्हणे, हिंदुस्थान सरकार तो आरोप नाकारी. ज्या राज्यास तेलाचा प्रत्येक थेंब बाहेरून आणावा लागतो, त्याला सरहद्द आवळली जाणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापुराकडून याच रस्त्याने पुढे निघाले. नळदुर्गजवळचा बोरी नदीवरील पूल त्याच दिवशी हाती आला आणि १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. करोडगिरीची सरहद्द लष्करी दृष्ट्या पाच दिवसांत पुसली गेली. व्यापारी दृष्ट्या तिला अधिक वेळ लागला. १९५० च्या वित्तीय एकीकरणानंतर अंतर्गत जकाती टप्प्याटप्प्याने गेल्या आणि हाली नाणे १९५९ साली कायमचे बाद झाले.

दरम्यान दुसरी एक रेघ ओढली गेली होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार पुनर्रचनेने हैद्राबाद राज्याचे तीन भाग झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले, बिदर–गुलबर्गा–रायचूर म्हैसुरास गेले, आणि तेलंगण आंध्रात मिळाले. सोलापूर आणि नळदुर्ग शतकानंतर एका राज्यात आले. परंतु नळदुर्ग आणि बसवकल्याण, जी पिढ्यान्‌पिढ्या एकाच मोगलाईत होती, ती दोन राज्यांत गेली. पुनर्रचना भाषेच्या न्यायाने योग्यच होती, आणि मराठी माणसाने ती मागून घेतली होती. तिने भावाची सरहद्दही हलविली, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानी आले नाही. येण्याचे कारणही नव्हते. कारण पेट्रोलचे भाव पुढील जवळजवळ अर्धे शतक मुख्यतः दिल्लीहून ठरत राहिले आणि राज्यांच्या करांमधली तफावत सामान्य उतारूच्या डोळ्यांत भरण्याइतकी नव्हती.

ती तफावत उघडी पडू लागली ती २००२ साली सरकारी भावनियंत्रणाची जुनी पद्धत मोडली तेव्हापासून. जून २०१० मध्ये पेट्रोल आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल पूर्णपणे बाजारभावावर सोडले गेले. जून २०१७ पासून भाव रोज बदलू लागला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि बहुतेक सर्व जिनसांच्या बाबतीत राज्याराज्यांतले करभेद मिटले. पेट्रोल, डिझेल मात्र त्यातून बाहेर ठेवले गेले. साबण आणि सायकल उमरग्यात व हुमनाबादेत एकाच कराने मिळू लागली. त्यांना वाहून नेणाऱ्या गाडीचे डिझेल मात्र तसे मिळेना.

*

या भेदाचे टोक २०२१–२२ साली गाठले गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने अबकारी उतरविताच कर्नाटकाने दोन्ही इंधनांवर लिटरमागे ७ रुपयांची स्वतःची सूट दिली. महाराष्ट्राने त्या वेळी दिली नाही. मे २०२२ च्या दुसऱ्या केंद्रीय कपातीनंतर मुंबईत पेट्रोल १११.३५ आणि डिझेल ९७.२८ रुपये होते, तर बंगळुरूत अनुक्रमे १०१.९४ आणि ८७.८९. मुंबई-ठाण्याचा कर तेव्हा उर्वरित महाराष्ट्राहून थोडा अधिक होता, म्हणून हा फरक जशाचा तसा धाराशिवास लागू करता येणार नाही. तरी तो किती मोठा होता याची कल्पना यावरून येते. जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्राने पेट्रोलवर ५ व डिझेलवर ३ रुपये कमी केले. पुढे कर्नाटकाने जून २०२४ मध्ये पेट्रोलवरील विक्रीकर २५.९२ वरून २९.८४ टक्के आणि डिझेलवरील १४.३ वरून १८.४ टक्के केला, आणि एप्रिल २०२५ मध्ये डिझेलचा कर २१.१७ टक्क्यांपर्यंत नेला. डिझेलपुरते अंतर त्यामुळे पुष्कळच मिटत आले. तिकडे तेलंगणात पेट्रोलवर ३५.२ आणि डिझेलवर २७ टक्के कर बरीच वर्षे चालत आला आहे. सोलापुराहून हैद्राबादेस जाणाऱ्यास म्हणून आधी महाग, मग स्वस्त आणि शेवटी पुन्हा महाग असा भावाचा चढउतार ओलांडावा लागे. चतुर चालकाने कर्नाटकातल्या मधल्या पट्ट्यात टाकी भरावयाची, हा या रस्त्याचा अलिखित नियमच झाला.

हा नियम कोणाच्या उपयोगी पडतो, हे पाहिले म्हणजे प्रश्नाचे खरे स्वरूप ध्यानात येते. समजा लिटरमागे ५ रुपयांचा फरक आहे. ३०० लिटरांची टाकी असलेल्या मालमोटारीस एका भरण्यात १५०० रुपये सुटतात. ती हैद्राबादेहून परतताना तलमोडच्या अलीकडे थेंबही घेणार नाही. दुचाकीवाल्याची टाकी १० लिटरांची. त्याला सुटणार ५० रुपये, आणि उमरग्याहून हद्दीपर्यंत जाऊन येण्यात त्यातले कितीतरी जाणार. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर तर हद्दीपर्यंत चालवीत नेणे परवडणारच नाही. म्हणजे सरहद्दीची स्वस्ताई घेण्यासाठीही आधी मोठी टाकी पदरी असावी लागते. ज्याचा प्रवास लांबचा, त्याला कर टाळता येतो; ज्याचा प्रवास गाव ते तालुका एवढाच, तो पूर्ण कर भरतो. पूर्वी करोडगिरीच्या नाक्यावर बड्या व्यापाऱ्यास आपला माल कोणत्या वाटेने न्यावा हे ठरविता येत असे आणि डोक्यावर गाठोडे घेतलेल्या माणसास नाक्यासमोरूनच जावे लागे. न्याय तोच राहिला आहे.

याची दुसरी बाजू हद्दीवरच्या पंपांची. महाराष्ट्राच्या शेवटच्या पंपाचा खप पलीकडच्या पहिल्या पंपाकडे जातो, त्याबरोबर त्या लिटरांवरचे राज्याचे उत्पन्नही जाते. १९२९ च्या निधीत जितका खप तितका वाटा असे कलम होते ते वर सांगितलेच. दर चढविणाऱ्या प्रत्येक राज्यास सरहद्दीवर त्याचा उलटा प्रत्यय येतो.

*

तथापि सरहद्द ही जिल्ह्याची केवळ एक कड आहे. भूम, परांडा, कळंब हे तालुके तिच्यापासून दूर. त्यांच्या वाट्यास कर्नाटकातली स्वस्ताई कधीच येत नाही. भूम तालुक्यातला कुंथलगिरीच्या परिसरातील खवा प्रसिद्ध आहे. खवा नासका पदार्थ. तो आज निघाला तर आजच बाहेर गेला पाहिजे. डिझेल वाढले तर त्याची गाडी दोन दिवस थांबवून ठेवता येत नाही आणि पुण्याच्या पेठेतला भाव भट्टीवाल्याच्या हाती नसतो. वाढलेला खर्च बहुतांशी मागे येतो तो दुधाच्या दरात, म्हणजे म्हैस पाळणाऱ्याच्या घरात.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. इंधनाच्या मूळ किमतीत त्याच्या वाहतुकीचा खर्च मिसळलेला असतो. मुंबईहून नळाने येणारे तेल सोलापूरजवळच्या पाकणी येथे उतरते आणि तेथून टँकरांनी आसपासच्या प्रदेशांत जाते. साठ्यापासून गाव जितके दूर तितके तेल महाग. मराठवाड्यातले परभणी हे राज्यात सर्वांत महाग पेट्रोलचे शहर म्हणून वर्तमानपत्रांत वारंवार झळकले, ते मनमाडकडील साठ्यापासून ते फार लांब असल्यामुळे. शेकडेवारीने बसणारा कर या वाहतुकीच्या खर्चावरही बसतो. दूर राहणारा माणूस आधी अंतराचे पैसे देतो आणि मग त्या अंतरावरचा करही देतो.

या अन्यायाचे सर्वांत बोलके उदाहरण ऑक्टोबर २०१५ मधले आहे. मराठवाडा तेव्हा कोरडा पडला होता आणि त्यात उस्मानाबाद जिल्हा अग्रभागी होता. दुष्काळनिवारणासाठी पैसा उभा करावा म्हणून राज्य सरकारने पेट्रोल आणि डिझेलवर लिटरमागे २ रुपये वाढविले. हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. दुष्काळग्रस्तास साऱ्या राज्याने हातभार लावावा हे उचितच होते. परंतु कर सर्वत्र सारखा असल्याने तो धाराशिवच्या शेतकऱ्यासही द्यावा लागला. ज्याच्या विहिरीस पाणी नाही, तो टँकर मागवितो. टँकर डिझेलवर चालतो. आणि त्या डिझेलवर त्याच्याच दुष्काळाचा कर बसलेला. १८७६ साली चारा महागला म्हणून धान्य पोहोचत नव्हते, त्या कथेची ही आधुनिक आवृत्ती म्हटली तर अतिशयोक्ती होईल. तथापि दोहोंतील नाते ओळखू येण्याजोगे आहे.

*

मग यावर उपाय काय? साऱ्या देशात एकच कर करावा, पेट्रोल-डिझेलही वस्तू व सेवा करात आणावे, हे उत्तर सोपे आहे आणि घटनेने त्याची वाटही ठेवली आहे. वस्तू व सेवा कर परिषदेने शिफारस करावयाची एवढेच बाकी आहे. परंतु राज्ये तेथे अडतात आणि त्यांचे अडणे अगदीच स्वार्थाचे नाही. एरवीचे बहुतेक कर हातून गेल्यावर इंधन आणि मद्य हीच काय ती त्यांच्या हुकमाची साधने उरली आहेत. दुष्काळ पडला, पूर आला, तर राज्याने तिजोरीत हात घालावयाचा तो याच खणात. नागपूरच्या सरकारने १९३८ साली जो अधिकार लढून मिळविला, तो सहजासहजी परत करण्यास कोणतेही राज्य तयार होणार नाही. एकसारखा भाव पाहिजे असेल तर राज्यांच्या स्वातंत्र्याचा एक तुकडा द्यावा लागेल, आणि ते स्वातंत्र्य पाहिजे असेल तर सरहद्दीवरचा भाव सोसावा लागेल. दोन्ही एकाच वेळी मिळतील असे सांगणारा मनुष्य एक तर हिशेब करीत नाही किंवा तो सांगत नाही.

मात्र या दोहोंच्या मध्येही काही करता येते. जुलै २०२४ पासून महाराष्ट्राने मुंबई-ठाणे आणि उर्वरित राज्य यांतला करभेद मिटविला. एका राज्याच्या पोटातला भेद अनावश्यक आहे हे त्याने मान्य केले. त्याच न्यायाने साठ्यापासूनच्या अंतरावर कर न घेणे, किंवा शेकडेवारीऐवजी लिटरमागे ठरावीक रक्कम घेणे, हे राज्यास आजही शक्य आहे. शेजारच्या राज्यांनी एकमेकांशी बोलून सरहद्दीवरील फरक मर्यादेत ठेवणेही अशक्य नाही. सर सालारजंगाने राज्याच्या पोटातली राहदारी उठविली, ती कोणा लोकसभेच्या ठरावाने नव्हे. राहदारीपेक्षा मोकळा रस्ता राज्यास अधिक उत्पन्न देतो, हे त्याच्या ध्यानी आले होते एवढेच.

नळदुर्गाहून पूर्वेस जाणाऱ्या रस्त्यावर आज करोडगिरीचे नाके नाहीत. हाली रुपया संग्राहकांच्या पेटीत गेला आहे. महामार्गाचा जुना ९ हा क्रमांकही बदलून ६५ झाला आहे. ज्या ठिकाणी एके काळी मोगलाई सुरू होत असे, त्या इटकळवरून गाडी भरधाव निघून जाते आणि आतल्या माणसास काही कळतही नाही. ती मंदावते ती पुढे ५०-६० किलोमीटरांवर, उमरगा ओलांडल्यानंतर. चालक काट्याकडे पाहतो, मनाशी बेरीज-वजाबाकी करतो आणि येथे भरावयाचे की पलीकडे, ते ठरवितो. त्याच वेळी रस्त्याच्या कडेने कडब्याची गाडी हाकीत कोणी शेतकरी गावाकडे वळत असतो. त्याच्या घरी ट्रॅक्टर असेल, तर त्याचे डिझेल त्याला अलीकडेच, मिळेल त्या भावाने घ्यावयाचे आहे. सरहद्द पश्चिमेस होती तेव्हा नाक्याचा बोजा त्याच्या आजोबाच्या जिनसावर होता. ती पूर्वेस आली तरी बोजा त्याच्यावरच आहे. या रस्त्याचा पुढला इतिहास लिहिणाऱ्यास तो उतरलेला दिसावा, एवढीच अपेक्षा.